बारशाची मीटिंग

सुरज ट्रेनिंगवरून घरी आला तो काखेत चार्टपेपरची गुंडाळी आणि खिशात तीन रंगांची स्केचपेनं घेऊनच. हर्षदा तेव्हा मल्हारच्या डोक्यावरचं जावळ बोटांनी बाजूला सारून, खाली आणखी कुठं फोड आलाय का ते बघत होती. कारेगावातली पत्र्याची खोली, एप्रिलचं ऊन, आणि अकरा महिन्यांच्या पोराच्या डोक्यावर कोकरासारखं दाट जावळ. घामोळ्यांचे फोड झाले होते. पोर झोपेत डोकं उशीवर घासायचं आणि हर्षदा न झोपता त्याच्याकडे बघत बसायची.

"हर्षदा, आपुन आजवर घरचे किती प्रोजेक्ट पूर्ण केले?" बूटसुद्धा न काढता सुरजनं विचारलं.

"एक हा बसलाय मांडीवर."

"हा न्हाई. हा चालू प्रोजेक्ट हाय. पूर्ण झालेला सांग."

सुरज रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. कंपनीनं सगळ्या सुपरवायझरांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवायला पुण्याहून एक साहेब आणले होते. साहेबांचं म्हणणं असं की, माणसं एक काम संपवतात, हात झटकतात आणि पुढच्या कामात त्याच चुका नव्या उत्साहानं करतात. म्हणून काम संपलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, काय चुकलं आणि का चुकलं ते मोकळेपणानं बोलायचं, आणि त्यातून जे हाती लागेल ते पुढच्या कामाला लावायचं. सरावासाठी प्रत्येकानं घरचं एखादं पार पडलेलं कार्य घेऊन हे करून बघायचं होतं.

"आपुन बारसं घेऊ," सुरज म्हणाला. "त्यात जे शिकू ते जावळाला वापरू. हाय का न्हाई भारी?"

हर्षदाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा तिला त्याचं कुतूहल वाटलं. बारशाच्या दिवशी ती ओल्या बाळंतिणीच्या खोलीत होती. बाहेर आरडाओरडा झाला, भांडी आदळली, कुणीतरी "थांबा, थांबा" म्हणत एस्टी पकडायला धावलं, एवढं तिनं ऐकलं होतं. पण नंतर विचारलं तेव्हा घरातल्या प्रत्येकानं "झालं की सगळं झ्याक" असंच सांगितलं. शिरूरच्या कॉलेजात बी. एस्सी. केलेल्या बाईला प्रयोग फसला हे दिसत असताना निष्कर्ष कुणी सांगू नये, हे तिला तेव्हापासून खुपत होतं.

आणि जावळ यंदा व्हायलाच हवं होतं. घरच्या रिवाजाप्रमाणे जावळ विषम महिन्यात, तेही देवाच्या वारी, म्हणजे रविवारीच काढायचं. अकराव्या महिन्याचे आता दोनच रविवार उरले होते, आणि त्यातला पहिला अमावस्येचा. दुसरा चुकला की बारावा महिना सम, म्हणजे मग एकदम तिसऱ्या वर्षी. तोवर हे फोड, ही पत्र्याची खोली आणि असे आणखी दोन उन्हाळे! शिवाय जावळ काढायला नुसता वार पुरत नाही. पोराला मांडीवर घ्यायला मामा लागतो आणि केस जमिनीवर पडू न देता पदरात झेलायला आत्या लागते. दोघांनाही निरोप गेले होते, दोघांनीही "येतो" म्हटलं होतं. काळजीचं काही कारणच नव्हतं.

अशी सगळी बेगमी झालेली असताना सुरजनं मीटिंग घेतली.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. तिघं इनामगावच्या घरी आली. सुरजनं ओसरीच्या भिंतीला भाताच्या शितांनी चार्टपेपर चिकटवला. समोर आबा, म्हणजे सुरजचे वडील, आणि रतनबाई, त्याची आई. हर्षदाचा धाकटा भाऊ बिरदेव कासुर्डीहून कुरडया द्यायला आला होता, त्यालाही बसवून घेतलं. शेजारची झुंबरबाई ताक मागायला आली आणि भिंतीला कागद बघून तांब्या खाली ठेवून बसली.

"नियम दोनच," सुरज म्हणाला. "पहिला, कुणाचं नाव घ्यायचं न्हाई. चूक माणसाची नसती, कामाच्या पद्धतीची असती. लईच गरज पडली तर 'एक व्यक्ती' म्हणायचं. दुसरा, 'का' हा प्रश्न पाच वेळा इचारायचा. पाचव्या 'का'ला मूळ कारण घावतं."

"नाव न घेता बोलायचं?" रतनबाईंनी खात्री करून घेतली. त्यांचा चेहरा उजळला होता. नवऱ्याचं नाव न घेता नवऱ्याबद्दल बोलण्याचा त्यांचा उभ्या संसाराचा सराव होता.

"तर मग," सुरजनं लाल पेन उघडलं, "जेवाणाला उशीर झाला. का?"

"सैपाकाला उशीर झाला म्हणून," रतनबाई म्हणाल्या.

"का?"

"मोठी पातेली वेळेवर आली न्हाईत."

"का?"

"आणायला उशिरा गेलं," आबा म्हणाले.

बिरदेवनं मान वर केली. पातेली आणायचा टेंपो त्याचा होता.

"का?"

"कारण आधी त्या हौसरावाला सांगाय पायजे व्हतं, आन्..."

"नाव न्हाई, आबा! एक व्यक्ती."

आबांनी घसा साफ केला. "गावातली पातेली एका व्यक्तीच्या घरी हायती. त्या व्यक्तीशी दुसऱ्या एका व्यक्तीचं बोलणं न्हाई."

"का?"

"कारण सोसायटीच्या विलेक्शनीत त्या व्यक्तीनं ह्या व्यक्तीला पाडलं."

"आन् ह्या व्यक्तीला," रतनबाई तत्काळ म्हणाल्या, "घरातल्या एका व्यक्तीनं तवाच सांगितलं व्हतं, की हुबं राहू नका म्हणून."

सुरजनं समाधानानं फळ्यावर लिहावं तसं लिहिलं, 'मूळ कारण : एका व्यक्तीने निवडणूक लढवली.'

"म्हंजी पोराच्या बारशाचं जेवाण माझ्यामुळं थांबलं?" आबा म्हणाले.

"तुमचं नाव कुणी घेतलं?"

"नाव न घेता घेतलंय ते. मला कळतंय."

"आन् ती व्यक्ती सकाळधरनं पारावर तंबाखू मळत बसली व्हती," रतनबाई म्हणाल्या. गाडी आता उताराला लागली होती. "पाव्हणं दारात आलं तरी उठली न्हाई."

"एका व्यक्तीनं च्या दिला न्हाई, म्हणून बसली व्हती."

"छान, छान!" सुरज भराभर लिहीत होता. "असंच मोकळं बोला."

पण हर्षदा कागदाकडे बघतच नव्हती. ती माणसांकडे बघत होती. प्रत्येक 'का'ला एकेक तोंड दार ओढून घ्यावं तसं मिटत होतं. "चूल उशिरा पेटली" म्हटल्यावर झुंबरबाईनं ताकाचा तांब्या उचलला, कारण चूल तिनं पेटवली होती. "आमटीला मसाला उशिरा पोचला" म्हटल्यावर रतनबाईंनी ओठ आवळले, कारण मसाला त्यांनी दिला होता. आणि 'टेंपो' हा शब्द कागदावर आल्याबरोबर बिरदेव उठला.

"दाजी, आमी निघतो."

"अरे, च्या ठेवलाय. आन् अजून 'काय चांगलं झालं' हा भाग राहिलाय."

"तो तुमी व्यक्ती-व्यक्तींनी बोलून घ्या," असं म्हणून त्यानं चपला पायात घातल्या.

चार्टपेपर गुंडाळताना सुरजचा चेहरा फुलून आला होता. "बघितलं? साहेब म्हणलं व्हतं, पयल्या मीटिंगला माणसं बोलत न्हाईत. आपली टीम तर कसली बोलली!"

टीमनं त्यानंतर बोलणंच टाकलं. आबांनी जेवण गोठ्यात मागवलं. रतनबाईंनी सांगून टाकलं, "जावळाचा सैपाक कुणी दुसऱ्या व्यक्तीनं करावा." कासुर्डीहून हर्षदाच्या आईचा फोन कारेगावच्या एसटीडी बूथवर आला. "बिरदेव म्हणतोय, मामाची मांडी कशाला, एखाद्या व्यक्तीची मांडी बघा. काय झालं गं? कसली व्यक्ती?" सुरजला वाटलं, गैरसमज आहे तर तो दूर करायला हवा. म्हणून त्यानं झुंबरबाईबरोबर सगळ्यांना निरोप धाडला, की मीटिंगमधलं बोलणं कुणालाही उद्देशून नव्हतं. तो ऐकून ज्यांना किंचित शंका होती त्यांचीही खात्री पटली.

झुंबरबाईनं तो निरोप नुसत्या इनामगावात वाटला नाही. ती दौंडच्या बाजारालाही गेली. दौंडला मल्हारची आत्या रुपाली दिली होती. झुंबरबाईला ती मिरच्यांच्या ढिगाशी भेटली आणि तिला सगळी मीटिंग पहिल्या 'का'पासून शेवटच्या 'का'पर्यंत ऐकायला मिळाली. दुसऱ्याच दिवशी बूथवाल्यानं हर्षदाला हाक मारली.

"वहिनी," रुपालीचा आवाज कोरडा होता, "जावळाला माझी वाट बघू नका."

"अहो वन्सं, पण का?"

फोन कट झाला.

मामा नाही, आत्या नाही, स्वयंपाकी नाही. आजोबा गोठ्यात. आणि रविवार तोंडावर आलेला. संध्याकाळी हर्षदानं मल्हारच्या डोक्याला चंदन लावलं, तर पोरानं चंदनासकट डोकं तिच्या नव्या साडीवर पुसलं. सुरज जमिनीवर पालथा पडून कागदावर बाण काढत होता.

"काही करा हो," ती म्हणाली.

"करतोय की. प्रत्येक कामाला एक जिम्मेदार माणूस नेमतोय."

"माणूसच कुठं उरलाय?"

सुरजनं पेनाचं टोपण लावलं.

हर्षदा विचार करत राहिली. एवढा राग कशाचा? बारशाच्या उशिराशी रुपालीचा काय संबंध? ती तर पाहुणी म्हणून आली होती. तिनं ना चूल पेटवली, ना टेंपो आणला. मग तिला कुठली 'व्यक्ती' झोंबली? हा प्रश्न तिला बसू देईना. बुधवारी तिनं मल्हारला काखेत घेतलं, पाण्याची बाटली, टॉवेल, पावडर, तापाचं औषध आणि चुकूनमाकून लागलं तर उलटीचंही औषध पिशवीत कोंबलं, आणि शिरूरहून दौंडची एस्टी पकडली.

रुपालीचं घर रेल्वेच्या रुळांजवळ होतं. नवरा रेल्वेत, ड्यूटीवर गेलेला. बाजेवर तिची सासू तानुबाई मटकी निवडत बसलेली. रुपालीनं भाच्याला झटकन उचलून घेतलं, त्याच्या डोक्यावरचे फोड बघून "अगं बाई गं" म्हटलं, आणि मग आपण रागावलोय हे आठवून ती आत निघून गेली.

हर्षदा बाजेच्या कडेला बसली. विचारायचं तेच होतं, पण ओसरीवरची मिटलेली तोंडं तिच्या डोळ्यांसमोर होती. 'का' म्हटलं की माणूस हिशेब द्यायला उभा राहतो. तिनं मटकीचे चार दाणे हातात घेतले आणि त्यातला खडा बाजूला काढत म्हणाली,

"मावशी, बारशाला तुम्ही सकाळच्या गाडीनं आला होता ना?"

"व्हय. आमी वेळेवर आलो व्हतो."

"मग?"

तानुबाईंनी तिच्याकडे बघितलं. हे कुणी विचारलंच नव्हतं. "मग काय. नाव ठेवलं, पाळणा म्हणला. मग पंगतीला बसवलं."

"मग?"

"पत्रावळ्या मांडल्या. पाणी वाढलं. मग एक पोरगं आलं, म्हणलं जरा थांबा. आमी थांबलो. पत्रावळ्या वाऱ्यानं उडाय लागल्या, म्हणून त्यावर तांब्या ठेवला आन् तांब्याकडं बघत बसलो."

"मग?"

"मग आमची गाडी आली. ती चुकली तर मुक्काम. उठलो. तुझ्या सासऱ्यास्नी रामराम केला, तर ते म्हणले, 'जेवलात ना पोटभर?'"

"मग?"

"मी म्हणलं, व्हय." तानुबाईंनी मटकीत हात फिरवला. "कुणाच्या दारात उभं राहून न्हाई कसं म्हणायचं? वाटेत न्हावऱ्याला उतरून दोन-दोन भजी खाल्ली."

हर्षदानं हातातले दाणे खाली ठेवले. रुपाली दारात येऊन उभी होती.

"आन् तवापासून मी ऐकतीय, वहिनी," ती म्हणाली. "आमटीत मीठ जास्त पडलं, की 'असू दे, तुझ्या माहेरी तर तीबी न्हाई.' भाकरी करपली, की 'असू दे, निदान दिसती तरी.' आन् तुमी मीटिंग घेतली! पातेल्यावर बोलला, विलेक्शनीवर बोलला, तंबाखूवर बोलला. माझी सासू उपाशी गेली, ह्यावर एक तरी व्यक्ती बोलली का?"

कुणी बोललं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. जेवण उशिरा झालं याचं दुःख सगळ्यांना होतं. त्यापायी जेवायचं कोण राहिलं हे विचारायचं मात्र सगळे विसरले होते. भिंतीवर एवढा मोठा कागद लावला, आणि जी माणसं उपाशी गेली तीच मीटिंगला नव्हती.

"मावशी," हर्षदा म्हणाली, "रविवारी पहिली पंगत तुमची. बाकी सगळं नंतर."

तानुबाईंनी मटकी बाजूला सारली. "येतो," त्या म्हणाल्या. "पण अकराच्या गाडीनं माघारी. आता मी गाडीबी चुकवणार न्हाई आन् जेवाणबी."

दौंडच्या स्टँडवरून हर्षदानं बिरदेवला फोन लावला आणि तिथंही 'मग?' एवढंच विचारलं. टेंपो केडगावपाशी पंक्चर झाला होता. मग दुसरं चाकही बसलं होतं. मग त्यानं एकट्यानं पातेली पाठीवर वाहून रिक्षात भरली होती. "हे मला कुणी इचारलं का, ताई?" असं म्हणताना त्याचा राग आपोआप उतरला होता, आणि मांडी द्यायला तो तयार झाला.

सुरजनं हे सगळं ऐकलं तेव्हा तो खरोखर ओशाळला. मग लगेच कामाला लागला. रविवारच्या बेतात त्यानं जेवणाची वेळ एकवरून दहावर आणली आणि घरोघर स्वतः जाऊन सांगून आला, "जेवाणाला उशीर नको." कोणामुळे, ते या वेळीही सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम.

रविवारी सकाळी हर्षदा मल्हारला घेऊन इनामगावच्या दारात उतरली आणि उभीच राहिली. अंगणात तीन चुली धडधडत होत्या. एका चुलीवर बिरदेवनं उजाडताना कासुर्डीहून आणलेलं पातेलं होतं. दुसरीवर आबांनी स्वतः हौसरावाच्या घरी जाऊन मागून आणलेलं. इतक्या वर्षांनी दोघं बोलले, आणि बोलले ते पातेल्याबद्दल. तिसरीवर रतनबाईंनी शिरूरच्या बाजारातून आणलेलं कोरं करकरीत. वर झुंबरबाई आपल्या घरून आमटीची घागर डोक्यावर घेऊन येत होती. कुणाचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून प्रत्येकानं ती चूक आपलीच धरली होती, आणि प्रत्येकानं ती न बोलता, एकट्यानं, पुरती दुरुस्त केली होती.

"एवढं कोण खाणार?" हर्षदा म्हणाली.

"उशीर नको म्हणले व्हते ना," रतनबाई म्हणाल्या. "नगं तर नगं. आता उशीर करून दाखवा म्हणावं."

तानुबाई आणि दौंडची मंडळी वेळेआधीच आली. येताच त्यांना पाटावर बसवलं. पत्रावळ टेकायच्या आत भात पडला, भात पडायच्या आत आमटी. आबा स्वतः वाढायला आले, बिरदेव आग्रहाला बसला. तानुबाईंनी "बास" म्हणून हात आडवा धरला, तर झुंबरबाईनं हाताच्या बाजूनं वाढलं. ज्या दहाला पहिली पंगत बसायची होती, त्या दहाच्या ठोक्याला शेवटचीही उठली. गावातली माणसं जेवून, पान खाऊन घरी गेली. सुरज घड्याळाकडे बघून स्वतःशीच हसत होता.

"चला," तानुबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आता जावळ उरकून घ्या. आमची अकराची गाडी हाय."

बिरदेव मांडी घालून बसला. रुपालीनं पदर पसरला. हर्षदानं मल्हारला मामाच्या मांडीवर ठेवलं. सगळे गोल करून उभे राहिले. आणि काहीच झालं नाही.

"न्हावी कुठंय?" आबांनी विचारलं.

सुरजचं हसू जागच्या जागी थिजलं. "सोपानराव? त्यांना बाराची वेळ दिलीय."

"जेवाण दहाला आन् न्हावी बाराला?"

"जेवाणाची वेळ बदलली. न्हाव्याची..." तो थांबला. बारशातल्या सगळ्या चुका त्यानं एकेक करून बुजवल्या होत्या. पण बारशाला न्हावी नसतो. त्यामुळे कागदावर न्हावीच नव्हता.

सुरज मोटारसायकलवर गेला आणि परत आला. सोपानराव मांडवगणला नवरदेवाची दाढी करायला गेले होते, बाराला येणार होते, आणि दिलेल्या वेळेला ते पक्के होते.

"मी थांबते," रुपाली सासूला म्हणाली. "तुमी जावा गाडीनं."

"सून माहेरी ठेवून मी एकटी जाऊ? शेजारीपाजारी काय म्हणतील? भांडून आली म्हणतील."

"मग आत्याशिवाय उरका," कुणीतरी म्हणालं.

"आत्याशिवाय?" आता रुपालीच उसळली. "म्हंजी मी आल्यालीच न्हाई असं धरायचं?"

हर्षदा घड्याळाकडे बघत होती, मग पोराच्या डोक्याकडे, मग आणखी एकदा घड्याळाकडे. मल्हारनं मामाच्या शर्टाला डोकं घासायला सुरुवात केली होती. आता ही माणसं परत जाणार, रविवार जाणार, महिना जाणार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून आबा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मेंढरं कातरायची कातर होती.

मेंढरं विकून आता वर्षं झाली होती. कालवा आला, ऊस आला, कळप गेला. पण कातर त्यांनी टाकली नव्हती.

"आबा!" सगळे एकदम ओरडले.

"काय आबा? आयुष्य गेलं माझं लोकर काढण्यात. कोकराचं कातडं ह्याच्यापरास नाजूक असतं."

हर्षदानं ती कातर त्यांच्या हातून घेतली. सगळ्यांना वाटलं, ती आता फेकून देणार. तिनं ती चहाच्या पातेल्यात टाकून उकळायला ठेवली.

"उकडून मऊ व्हणार हाय का ती?" रतनबाई म्हणाल्या.

"तेवढं उकळू द्या, आई," हर्षदा म्हणाली. "मी डोळे मिटायच्या आधी एवढं तरी करते."

पण डोळे मिटणं तिला जमलं नाही. आबांनी मल्हारच्या हनुवटीखाली हात धरला, तोंडानं "हुर्र, हुर्र" असा एक बारीक आवाज काढला, आणि पोर गपकन शांत झालं. डोळे किलकिले करून ते आजोबांच्या मिशीकडे बघत राहिलं. कातर कचकच चालली. लोकरीसारखा एकेक पुंजका सुटून रुपालीच्या पदरात पडत होता. मामा मांडी न हलवता बसला होता. फोड आले की आबांचा हात थांबायचा, वळसा घालायचा, पुढे जायचा. एक केस जमिनीवर पडला नाही.

झालं तेव्हा मल्हारचं डोकं नांगरून ठेवलेल्या वावरासारखं दिसत होतं. काही सऱ्या उंच, काही खोल, मधेच एक बांध. पण वारा लागत होता. पोरानं दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपलं आणि खुदकन हसलं. हर्षदा त्याच्याजवळ खाली बसली. तिनं पोराच्या डोक्यावर फुंकर घातली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

तेवढ्यात फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"आत्याबाई, अकराची!" रुपाली गडबडीनं पदर आवरत सासूला म्हणाली.

तानुबाई हलल्या नाहीत. त्या रतनबाईंच्या शेजारी ओसरीवर टेकल्या होत्या आणि दोघींची डोकी जवळ आली होती. "जाऊ दे गाडी," त्या म्हणाल्या. "दुपारची हाय की. हां, इहीणबाई, मग त्या व्यक्तीला तुमी काय म्हणला?"

बाराला सोपानराव सायकलवरून उतरले. त्या दिवसातला ठरल्या वेळी झालेला तो एकमेव कार्यक्रम. त्यांनी मल्हारचं डोकं बघितलं, हातातली पेटी खाली ठेवली आणि आबांकडे बघून मान डोलवली. मग वस्तरा न लावता, बारीक मशीन फिरवून त्यांनी सगळ्या सऱ्या एकसारख्या केल्या आणि तीन पातेल्यांमधलं उरलेलं जेवण समोर आलं तेव्हा ते गहिवरले.

सुरज कोपऱ्यात बसून होता. "कसली मीटिंग आन् कसलं काय," तो हर्षदाला म्हणाला. "साहेबांना सांगतो, आमच्याकडं हे चालत न्हाई."

"सुरजराव," तानुबाईंनी हाक मारली. त्या आता चांगल्याच पसरून बसल्या होत्या. "इहीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. म्हंजी त्यात कुणाचं नाव न घेता कायबी बोलता येतं, व्हय?"

"व्हय, म्हंजी..."

"आन् कुणी उलटून बोललं, तर म्हणायचं, तुमचं नाव कुणी घेतलं?"

"तसंच काही न्हाई, पण..."

"माझ्या दोन जावा हायती," तानुबाई म्हणाल्या. "माझ्या धाकट्याच्या लग्नाला येऊन जे करून गेल्यात ते माझ्या पोटात सहा वर्षं हाय. तुमी कागद घेऊन दौंडला या. मी त्यांस्नी बोलावते. जेवाण आमच्याकडं."

सुरजचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. त्यानं खिसा चाचपून स्केचपेन काढलं.

"पाव्हणं किती असतील अंदाजे?" त्यानं विचारलं. "आन् गुरुवारी जमेल का?"

हर्षदानं वर बघितलं. सासूच्या पाठीमागं रुपाली उभी होती. तिच्या पदरात अजून मल्हारचं जावळ होतं, त्यामुळे तिला हात जोडता येत नव्हते. ती नुसती 'नको, नको' अशी जोरजोरानं मान हलवत होती.